शेवटच्या चित्रात मान कोणाची खाली?

चित्रपुस्तकातील कथा मूल आधी डोळ्यांनी वाचते, अक्षरे नंतर येतात. राजा कोण, दास कोण, देखणा कोण आणि राक्षस कोण, हे अक्षरओळख नसलेले मूलही चित्रावरून ठरवून टाकते. म्हणून जुन्या दंतकथा चित्रांतून पुन्हा सांगणे ही निव्वळ करमणूक नव्हे. शब्दांत मांडायला संकोच वाटावा ते चित्र बिनबोभाट सांगून जाते. उजळ तो देव, काळा तो असुर. आसनावर बसलेला तो गुरू, वाकलेला तो शूद्र.

मुंबईत १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. या मालेतील पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते आणि अकरावा ‘कृष्ण’ होता. परक्या राजकन्यांच्या जागी आपल्या कथा आल्या खऱ्या. पण ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या, हा प्रश्न उरलाच. बाबासाहेबांवरचे पुस्तक या मालेत आले ते १९७९ साली.

जामनेरच्या वाचकाला मात्र चित्रकथेचा आरंभ मुंबईत शोधण्याचे कारण नाही. पहूरवरून फर्दापूरची वाट धरली की अजिंठा येतो. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ही लेणी कोरली, तीच नदी पुढे जामनेर तालुक्यात उतरते. तेथील भिंतींवर जातककथा रंगवल्या आहेत. षड्दंत हत्तीची कथा दहाव्या लेण्यात आहे आणि काही शतकांनंतर रंगवलेल्या सतराव्या लेण्यातही आहे. जुनी कथा नव्या पिढीसाठी पुन्हा चितारायची असते, हे त्या चित्रकारांना ठाऊक होते.

ती कथा अशी. पूर्वजन्मीचा राग मनात धरून एक राणी या हत्तीचे सुळे आणायला व्याध पाठवते. बाण लागलेला हत्ती व्याधाला मारत नाही. उलट स्वतःचे सुळे त्याला देतो. सुळे समोर येताच राणीचे काळीज फाटते. दहाव्या लेण्यात ही कोसळणारी राणी चितारली आहे. देणारा मोठा ठरतो, पण मागणारी सुटत नाही.

आता याच्या शेजारी एकलव्याची कथा ठेवून पाहा. येथेही शरीराचा तुकडा मागितला जातो आणि तो दिलाही जातो. पण कथा तेथेच थांबते आणि तिला ‘गुरुभक्ती’ हे नाव मिळते. द्रोणाची मान कोठेच खाली जात नाही. अर्जुनाची चिंता मिटते. मुलांसमोर उरते ते तबकात अंगठा घेऊन वाकलेल्या निषादपुत्राचे चित्र. खानदेशातील शाळांत भिल्ल, पावरा, तडवी मुले बसतात. त्या मुलांनी या चित्रातून काय घ्यावे? अन्याय सोसणे हाच आपला गुण आहे, हेच ना?

कथा तीच ठेवूनही शेवटचे चित्र बदलता येते. अंगठा पडला आहे, आणि चित्रकाराने द्रोणाचा चेहरा काढला आहे. एवढ्याने लाजेची जागा बदलते.

जातकांतली ‘मातंग’ ही कथाही चित्रपुस्तकात यायला हवी. तीत बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मलेला आहे. त्याच्या दर्शनाने विटाळ झाला म्हणून श्रेष्ठीची मुलगी डोळे धुते आणि तिचे लोक त्याला मारतात. तो तिच्या बापाच्या दारात जाऊन पडून राहतो. सातव्या दिवशी त्या घराला मुलगी त्याच्या हाती द्यावी लागते. येथेही आंधळी भक्ती नको. मुलीला कोणी विचारले नाही, हे पुन्हा सांगणाऱ्याने दाखवलेच पाहिजे. बुद्धाच्या नावाने आलेली कथासुद्धा तपासून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे.

ही तपासणी जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त केली. दशावताराच्या कथा त्यांनी बळीच्या बाजूने वाचल्या. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी २०११ साली त्या ग्रंथाची चित्रकादंबरी केली. त्याच वर्षी दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये बाबासाहेबांचे जीवन चितारले. त्यांनी प्रसंग चौकटींत कोंडले नाहीत. जिव्हाळ्याचे बोलणे त्यांनी पक्ष्याच्या आकारात लिहिले, तर विषारी बोलण्याला विंचवाची नांगी दिली. जातीचा डंख काय असतो, हे मुलाला त्यासाठी वेगळे समजवावे लागत नाही.

हे काम करायला मोठे प्रकाशनगृहच हवे असे नाही. शिक्षकाने मुलांसमोर एक जुनी गोष्ट ठेवावी आणि तीन प्रश्न विचारावेत. यात उभा कोण आणि वाकलेला कोण? कोणाचा चेहरा दिसतो आणि कोणाची फक्त पाठ? लाज कोणाला वाटायला हवी होती? मग कागद आणि रंग मुलांच्या हाती द्यावेत. मजकूर अहिराणीत लिहिला तरी चालेल, तडवी किंवा पावरी बोलीत लिहिला तरी चालेल. ज्यांच्या पूर्वजांना कथेत फक्त वाकायला जागा होती, त्यांच्या मुलांनी शेवटचे चित्र स्वतः काढले पाहिजे.