पीठ न्यायचं, पापड आणायचे

कामाला माणूस ठेवताना मालक तीन गोष्टी विचारतो: शिक्षण किती, अनुभव कुठला, दिवसभर येणार का? घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू असलेली, शाळा मध्येच सुटलेली बाई तिथेच बाद होते. 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या संस्थेने हे प्रश्नच ठेवले नाहीत.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आज संस्थेच्या सभासद बहिणी ४५ हजारांच्या आसपास आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कामाची रीत साधी आहे. सकाळी शाखेत पीठ मळून तयार असतं. बहिणी आदल्या दिवशी लाटलेले पापड घेऊन येतात. ते तपासून, वजन करून घेतले जातात, लाटणावळ म्हणजे 'वणाई' मिळते आणि नवं पीठ घेऊन त्या घरी परततात. लांबून येणाऱ्यांसाठी अनेक शाखांची गाडी असते. मग स्वयंपाक उरकून लाटायचं की दुपारी मुलं झोपल्यावर, हे जिचं तिने ठरवायचं.

ढिलाई मात्र चालत नाही. पापड वाळवायला घरात स्वच्छ जागा हवी, आणि ती आहे का हे पाहिलं जातं. एका खोलीच्या घरात ती नसेल, तर त्या बाईला पीठ मळण्याचं किंवा पाकिटं भरण्याचं काम मिळू शकतं. पापडाच्या दर्जाची अट कायम राहते, पण अडचण आहे म्हणून बाईला दार बंद होत नाही.

जात, धर्म, शिक्षण न पाहता कुठलीही बाई प्रतिज्ञा घेऊन सभासद होते आणि नफ्या-तोट्याची वाटेकरी बनते. शाखेची संचालिकाही बहिणींमधूनच पुढे येते. त्यामुळे लाटणाऱ्या बाईची अडचण तिला समजावून सांगावी लागत नाही.

बेरोजगारांना आपण कौशल्य शिकवायला निघतो. या बायकांना लाटता येतच होतं. त्यांच्या दिवसात बसेल असं काम तेवढं कुणी आखलेलं नव्हतं. रोजगार देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या कामाची वेळ, जागा आणि अटी तपासाव्यात. माणसं तयार असतात.