सावकारी दप्तरांतील वऱ्हाड



पिंपळगांव राजा हें बुलढाणा जिल्ह्यांतील, खामगांव तालुक्यांतलें गांव. कापसाच्या या मुलुखांत एकोणिसाव्या शतकांत पैसा कोठून आला आणि माल मुंबईस कसा पोंचला, हें सरकारी अहवालांतून अर्धेंच कळतें. उरलेलें अर्धें सावकारांच्या दप्तरांत सांपडतें.

उदाहरणार्थ तारापूरचे पारशी बंधू विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी यांची पेढी घ्या. १८२५ च्या सुमारास त्यांनीं वऱ्हाडचा कापूस घाटमार्गें मुंबईस धाडण्यास आरंभ केला. पुढें निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या कारकीर्दींत त्यांनीं सरकारास मोठालीं कर्जें दिलीं, व फेडीसाठीं वऱ्हाडांतील महसूल त्यांच्याकडे लावून देण्यांत आला. औरंगाबादच्या टांकसाळींतील रुपया त्यांच्या नांवावरून 'पेस्तनशाही' म्हणून ओळखला जाई. १८४३ सालीं चंदूलाल पायउतार झाला, १८४५ त महाल पेढीच्या हातून गेले आणि लाखोंचें येणें कागदावरच राहिलें. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला.

असें दप्तर वाचावें कसें? रोजकीर्दींत दिवसाचा जमाखर्च तारीखवार असतो. खतावणींत तोच मनुष्यवार लावलेला असतो. दोन्ही ताडून पाहिल्यावांचून अर्थ लागत नाहीं. मराठी पेढ्यांची लिपी मोडी, मारवाड्यांची महाजनी. कालगणना कोठें शक, कोठें संवत, कोठें फसली. हुंडी दर्शनी असेल तर दाखवितांच पैसे द्यावयाचे, मुदती असेल तर ठरल्या दिवशीं. रकमेंत फेरफार होऊं नये म्हणून हजाराच्या हुंडींत 'निमे पांचशें, त्याची दुप्पट' असें अक्षरांनीं लिहीत. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' आणि तीही हरवली तर 'परपेठ' काढीत. पैसे चुकते होऊन रद्द झालेली हुंडी म्हणजे 'खोखा'. तो निकामी समजला जाई. परंतु कोणत्या गांवाचा कोणत्या शहराशीं व्यवहार होता, हें अभ्यासकाला तोच सांगतो.

याच बासनांत लग्नाच्या याद्या, धर्मादाय खातें, घरच्या आजारपणाचीं पत्रेंही असतात. खासगी म्हणून तीं वेगळीं काढलीं, तर पेढी उरते, माणसें नाहींशीं होतात.

मात्र या कागदांना दुसरी बाजू आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांचा उठाव झाला, तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या वह्या व कर्जरोखे यांवर होता. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळीं घेऊं नये हा दामदुपटीचा नियम जुनाच. पण थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेतला कीं तो नियम लंगडा पडे. या उठावानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, नगर व सोलापूर या जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. ज्या कागदांत आपणांस इतिहास दिसतो, त्यांतच कोणाची तरी जमीन गेलेली असते.

म्हणूनच तीं जपावयाचीं. ऋणकोच्या घरीं बहुधा वही नसे. त्याची हकीकत धनकोच्याच दप्तरांत उरली आहे. १९१० सालीं पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें घरोघरच्या अशा दप्तरांचें मोल ओळखलें. आपल्या माळ्यावर एखादें बासन असेल, तर त्याचा मूळ क्रम मोडूं नका, लाजिरवाणा वाटणारा रोखा काढून टाकूं नका, आणि रद्दीवाल्याला हांक मारण्यापूर्वीं एखाद्या मोडी जाणणाऱ्याला तें दाखवा.