सीताबर्डीचा किल्ला : एक द्रव्य, अनेक पर्याय

वस्तूच्या ठायी उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकत्र नांदतात, ही जैन दर्शनाची मूलभूत शिकवण आहे. द्रव्य टिकते, पर्याय पालटतात. स्वाध्यायात आपण हा विचार जीव-अजीवांच्या संदर्भात अभ्यासतो. नागपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ उभी असलेली सीताबर्डीची टेकडीही तोच धडा देते.

26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी येथे आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी यांच्यात लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा जय झाला. नागपूरचे राज्य त्यानंतर नावापुरते उरले आणि 1854 मध्ये तेही खालसा झाले. विजेत्यांनी या टेकडीला आपल्या पराक्रमाचे स्मारक मानले. धारातीर्थी पडलेल्या अधिकाऱ्यांच्या कबरी त्यांनी जपल्या. लढलेल्या पलटणींना ‘सीताबर्डी’ हे नाव आपल्या निशाणावर मिरवण्याचा मान दिला. नागपूरकरांना मात्र तेच दगड गमावलेल्या राज्याची आठवण देत राहिले.

1857 मध्ये उठावाच्या कटाचा आरोप ठेवून इंग्रजांनी काही जणांना फाशी दिली. टिपू सुलतानचे नातू नवाब कादर अली व त्यांचे आठ साथीदार याच किल्ल्यावर चिरनिद्रा घेत आहेत, अशी परंपरा सांगते. सरकारने ज्यांना गुन्हेगार ठरविले, त्यांच्या कबरींपुढे लोकांनी मस्तक नमविले. पुढे पंचम जॉर्ज बादशहांच्या भेटीची खूणही याच टेकडीवर उमटली. स्वातंत्र्यानंतर मात्र फाशी गेलेले ते नऊ जण हुतात्मे म्हणून गौरविले गेले. आज किल्ला भारतीय लष्कराकडे आहे आणि त्या कबरींचा मानही लष्करच राखते. तट तोच, टेकडी तीच. राज्य पालटले तसा अर्थ पालटला.

परंतु या साऱ्या पालटांत एक गोष्ट पालटली नाही. प्रत्येक सत्तेने मृतांतून आपले तेवढे निवडले. कंपनीच्या बाजूने मेलेल्यांत बहुसंख्य मद्रासकडचे हिंदी शिपाई होते. भोसल्यांच्या बाजूने परमुलखातून आलेले अरब लढले. पोटासाठी शस्त्र धरलेल्या या माणसांचे स्मरण ना विजेत्यांनी विशेष केले, ना जितांनी. एकाच बाजूने पाहणे हीच एकांतदृष्टी.

अनेकांत म्हणजे सर्वांनाच सारखे निर्दोष ठरविणे नव्हे. राज्य बळकावणे हा अन्यायच होता आणि त्याविरुद्ध प्राण देणारे वंदनीयच आहेत. तथापि न्याय-अन्यायाचा निवाडा केल्यानंतरही मेलेल्या प्रत्येक जीवाविषयीची करुणा शिल्लक राहिली पाहिजे. वैऱ्याच्याही मृत्यूचा ज्याला हर्ष होत नाही, त्यालाच अहिंसा उमगली.

एरवी बंद असलेला हा किल्ला 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशी नागरिकांसाठी उघडला जातो. त्या दिवशी मुलाबाळांना अवश्य घेऊन जावे. कोण जिंकले, कोण हरले हे त्यांना सांगावेच; हुतात्म्यांपुढे हात जोडावेत. आणि मग ज्यांच्या नावाची शिळा तेथे कोठेच नाही, त्यांच्यासाठीही क्षणभर मौन पाळावे. दरवर्षी सकल जीवांची क्षमा मागणाऱ्या आपल्या समाजाला हे मौन अवघड जाऊ नये.