हरवलेलं नाणं आणि चहाचा खर्च

आज बचतीबद्दल बोलायचं नाही, कर्जाबद्दलही नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे, आणि अशी गोष्ट आपण कशी लिहायची, तेही सांगायचं आहे.

कल्याण-डोंबिवलीकडच्या आमच्या गटांतल्या काही जणी महिन्यातून एकदा जमतो आणि आपण लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवतो. कोणी पोळी-भाजीचं काम करते, कोणी शिवणकाम. दोघी आसनगावहून लोकल पकडून येतात. नाव छापून आलेली लेखिका आमच्यात एकही नाही, सगळा हौसेचा मामला. नाताळच्या आधी आमच्यातल्या एका ख्रिस्ती ताईंनी सुचवलं, “बायबलमधले दाखले घेऊया. एकेकीने एक दाखला घ्यायचा आणि तो आपल्याच घरात घडला असं समजून लिहायचा. हसू आलं पाहिजे बरं का!”

‘दाखला’ म्हटल्यावर एका मावशींनी विचारलं, “उत्पन्नाचा की रहिवासी?” तर तो दाखला नव्हे. येशू ख्रिस्त लोकांना शिकवताना छोट्या गोष्टी सांगत. त्यांना मराठी ख्रिस्ती समाजात दाखले म्हणतात. त्यात राजवाडे आणि राक्षस फारसे नाहीत. पेरणी करणारा शेतकरी, हरवलेलं मेंढरू, पिठात खमीर घालणारी बाई, कोर्टात खेटे घालणारी विधवा, अशी रोजची माणसं आहेत. ही रीत आपल्याला परकी नाही. चक्रधरस्वामी असेच दृष्टांत देत. तेराव्या शतकात केसोबासांनी ते ‘दृष्टान्तपाठा’त गोळा केले. एकनाथ महाराजांची भारुडं तर आपण गावच्या जत्रेत पोट धरून हसत ऐकतो, आणि घरी जाताना लक्षात येतं की अरे, हे आपल्यालाच सांगितलं होतं.

आता हरवलेल्या नाण्याची गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात ती आहे. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी असतात. एक नाणं म्हणजे तेव्हाच्या मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते आणि म्हणते, माझ्याबरोबर आनंद करा. देवालाही हरवलेल्या एका माणसाचं असंच अप्रूप असतं, हे येशूला सांगायचं होतं.

आमच्यातल्या एकीने ही गोष्ट अशी लिहिली. बाई बचत गटाची कोषाध्यक्ष. उद्या बँकेत भरणा आणि शंभराची एक नोट कमी. बाईने घर पालथं घातलं. फ्रिजखाली मुलाची तीन खोडरबरं सापडली. कपाटामागे सासूबाईंचा दिवाळीत हरवलेला चष्मा सापडला. ‘सुनेनेच लपवला’ म्हणून त्यावरून घरात दोन महिने अबोला होता. नोट मात्र नाही. शेवटी रात्री अकराला ती सापडली पासबुकातच! बाईने आनंदाने शेजारणींना हाक मारली. चहा झाला, कोपऱ्यावरून वडापाव आले. नवऱ्याने हिशोब केला, “शंभर सापडले, दोनशे चाळीस गेले.” बाई म्हणाली, “सापडल्याचा आनंद आहे तो, त्याला पावती नसते.”

आम्ही खूप हसलो. मूळ दाखल्यात चहा-वडापाव नाही, पण शेजारणी बोलावल्या म्हणजे काही ना काही खर्च झालाच असणार. दाखल्यातली खरी गंमत तिथेच आहे. एका नाण्यासाठी एवढा खटाटोप शहाण्या माणसाला परवडत नाही, आणि देव तो करतो. लिहिणाऱ्या ताईने वडापाव घातला म्हणून अर्थ बिघडला नाही. उलट तो नीट कळला.

तीच गोष्ट मी आमच्या एका गटाच्या साप्ताहिक सभेत वाचली. हसून झाल्यावर अध्यक्षबाई इतिवृत्ताच्या वहीकडे बघत म्हणाल्या, “वहीत अकरा नावं आहेत आणि सतरंजीवर आपण दहाच.” अकरावीचे तीन हप्ते थकले होते. तिने येणं बंद केलं होतं आणि आम्ही दर सभेला तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून मोकळ्या होत होतो. त्या संध्याकाळी चौघी तिच्या घरी गेलो. नवऱ्याचं काम सुटलं होतं. पैसे मागायला आलो असं वाटून ती दारातच रडायला लागली. आम्ही म्हटलं, “आधी चहा टाक.” मग हप्ता लहान करून दिला. ती आता येते. थकबाकी अजून पूर्ण फिटलेली नाही, हेही खरं सांगते.

शेतकऱ्याच्या दाखल्यावर वेगळीच मजा झाली. त्यात पेरणाऱ्याचं काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, आणि काही चांगल्या जमिनीत. आसनगावच्या मावशी भडकल्या, “वाटेवर बी टाकतो? बियाणं काय फुकटचं होतं?” त्या भाताच्या राबात मोजून बी टाकतात आणि रोप उपटून आवणी करतात, त्यांना हे पटेना. आम्ही सांगितलं, की त्या देशात गव्हा-जवाचं बी मुठीने फेकत पेरायचे. मग मावशींनी स्वतःच लिहिलं, एका शिकवणाऱ्या ताईवर. ती गावात स्वच्छतेवर बोलत फिरते. एकीच्या एका कानातून जातं आणि दुसऱ्या कानातून निघतं. दुसरी दोन दिवस जोरात झाडू मारते. तिसरीच्या डोक्यात घरची इतकी कामं, की काही उगवायला जागाच नाही. चौथी ऐकते आणि करून दाखवते. ती शिकवणारी ताई मीच, हे सगळ्यांना कळलं. मलाही.

पण एकदा चुकलंही. एकीने आपल्या गोष्टीत पाद्रीबाबा आणला आणि त्याला हिंदी सिनेमासारखं मोडकंतोडकं बोलायला लावलं. सगळ्या हसल्या. ज्यांनी ही कल्पना सुचवली होती त्या ताई गप्प झाल्या. नंतर हळूच म्हणाल्या, “अगं, आमच्या घरी मराठीच बोलतात. आजीही मराठीतच प्रार्थना करायची.” लिहिणारीला वाईट वाटलं. मनात काही नव्हतं तिच्या, पण लागायचं ते लागलं.

त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. येशूचं चरित्र मराठी ओवीत आलं त्याला चारशे वर्षं होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. १९१९ साली ते वारले, तेव्हा ते अपुरं होतं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाई टिळकांनी. या बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, घरीच वाचायला शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात पानोपानी हसू येतं, कारण त्या आधी स्वतःवर हसतात, मग नवऱ्यावर. दुसऱ्याच्या बोलण्यावर किंवा देवावर हसण्याची त्यांना गरज पडत नाही.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो.

पहिली, मूळ दाखला आधी जसाच्या तसा मोठ्याने वाचायचा. शक्य असेल तर ज्यांचा तो धर्म आहे त्या भगिनीने वाचावा.

दुसरी, दाखला काय सांगतो ते एका वाक्यात लिहून काढायचं. आपल्या गोष्टीच्या शेवटी ते वाक्य हरवलं असेल, तर गोष्ट परत लिहायची.

तिसरी, माणसं आपल्या गल्लीतली घ्यायची, पण खरं नाव आणि ओळखू येईल अशी खूण घालायची नाही. हसायचं ते माणसाच्या स्वभावावर, म्हणजे कंजूषपणा, हट्ट, विसराळूपणा यांवर. जात, धर्म, बोली, रूप यांवर नाही.

चौथी, एक तरी विनोद स्वतःवर हवा.

एक दाखला तुमच्यासाठी ठेवते. एक न्यायाधीश असतो, देवाला न भिणारा आणि माणसालाही न जुमानणारा. एक विधवा रोज त्याच्याकडे न्याय मागायला जाते. शेवटी तो वैतागून न्याय देतो, नाहीतर ही बाई आपल्याला हैराण करून सोडेल म्हणून. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं! एवढा मोठा न्यायाधीश, आणि एका गरीब विधवेच्या ठोशाची भीती. रेशनकार्डासाठी, पेन्शनसाठी खेटे घातलेल्या बायकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. ती तुमच्या गावच्या कचेरीत घडली असती तर कशी घडली असती, ते एका पानात लिहा. पुढच्या सभेत कामकाज संपल्यावर दहा मिनिटं काढा आणि वाचून दाखवा. लिहिता येत नसेल तर सांगा, दुसरी कोणी लिहून घेईल. येशूनेही हे दाखले तोंडीच सांगितले होते. लिहून ठेवले ते इतरांनी.

आणि हो, वाचताना सतरंजीवर किती जणी आहेत ते एकदा मोजा.