शब्द हॉलबाईंचे, नाव व्हॉल्टेअरचे

तंजावरला छापलेल्या मराठी इसापनीतीची तात्पर्ये या आठवड्यात उलगडायची ठरली होती. पण तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोवरचा मागचा लेख वाचून मिरजेच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आणि इसापाला थांबावे लागले. फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचे काम त्यांच्या वर्गाकडे आहे. समोरच्याचे मत पटले नाही तरी ते मांडायच्या त्याच्या हक्कासाठी प्राण पणाला लावू, अशा आशयाचे प्रसिद्ध वाक्य एका मुलीने लिहिले आणि खाली व्हॉल्टेअरचे नाव घातले. बाईंनी विचारले, कुठल्या पुस्तकातले? वर्गात कुणालाच सांगता येईना.

व्हॉल्टेअरच्या एकाही पुस्तकात ते नाही. ते आहे १९०६ साली लंडनला निघालेल्या ‘द फ्रेंड्स ऑफ व्हॉल्टेअर’ या पुस्तकात. तेव्हा व्हॉल्टेअरला जाऊन १२८ वर्षे झाली होती. मुखपृष्ठावर नाव एस. जी. टॅलंटायर, पण ते टोपणनाव. खऱ्या लेखिका एव्हलिन बिएट्रिस हॉल. व्हॉल्टेअरचे चरित्र त्यांनी तीनच वर्षांपूर्वी लिहून हातावेगळे केले होते आणि आता त्याच्या मित्रमंडळींची शब्दचित्रे लिहायला घेतली होती.

त्यातलाच एक हेल्व्हेशियस. सरकारी करवसुलीच्या मक्त्यात गडगंज झालेला आणि तत्त्वज्ञानाचा नाद लागलेला माणूस. १७५८ साली मानवी बुद्धीवरचा त्याचा ग्रंथ आला आणि फ्रान्समध्ये गहजब झाला. सॉर्बोनच्या धर्मपंडितांनी त्याचा निषेध केला, पोपने केला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाच्या हुकमाने ग्रंथ जाळण्यात आला. घाबरलेल्या लेखकाने एकामागून एक माफीपत्रे लिहून दिली. व्हॉल्टेअरला हा ग्रंथ मुळीच आवडला नव्हता. पण एवढ्यासाठी एवढा कांगावा, याची त्याला चीड आली. त्याच्या मनाचा हा कल हॉलबाईंनी एका वाक्यात टिपला. वाक्य प्रथमपुरुषी होते आणि त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हे होती.

त्या चिन्हांनीच सगळा घोळ केला. वाक्य पुस्तकातून सुटले ते थेट व्हॉल्टेअरच्या तोंडी जाऊन बसले. ते व्हॉल्टेअरचे शब्द असल्याचे आपल्याला सुचवायचे नव्हते, असा खुलासा हॉलबाईंनी १९३५ साली अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त केला. १९३९ मध्ये एका अभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी अधिक स्पष्ट कबुली दिली: शब्द माझे आहेत, अवतरणचिन्हे घालायला नको होती, नकळत दिशाभूल झाली याबद्दल क्षमा असावी. हे पत्र १९४३ साली छापूनही आले. तोवर फार उशीर झाला होता.

मराठीला या चिन्हांची ओळख उशिराच झाली. पोथीत दंड असत, अवतरणचिन्हे नसत. कोण बोलते आहे ते ‘म्हणे’, ‘बोले’, ‘ऐसें’ या शब्दांवरून कळे. अभंगात कवीचे नाव चरणातच गुंफलेले असे. इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठी छपाईत आणण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात सहभागी असलेले तेच हे कँडी. सालोमालोला दुसऱ्याचा अभंग आपला म्हणायचा तर ‘तुका म्हणे’ खोडून स्वतःचे नाव घालावे लागे. हॉलबाईंच्या बाबतीत तेवढाही खटाटोप लागला नाही. शाईचे चार ठिपके पुरले.

वाक्य व्हॉल्टेअरला इतके चपखल बसले, याला मात्र कारण आहे. तुलूझच्या झाँ कालास या प्रॉटेस्टंट कापडव्यापाऱ्यावर मुलाच्या खुनाचा आळ आला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापाने त्याला मारले, असा तो आरोप. मार्च १७६२ मध्ये कालासला चाकावर हाडे मोडून ठार मारले. व्हॉल्टेअरने हे प्रकरण हाती घेतले, पत्रांचा पाऊस पाडला, १७६३ मध्ये सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला आणि मार्च १७६५ मध्ये कालासला निर्दोष ठरवून घेतले.

तरीही तो प्रत्येकाच्याच हक्कासाठी उभा राहिला असे नाही. फ्रेराँ नावाचा संपादक त्याच्या लेखनावर सडकून टीका करी. त्याला आवर घालावा म्हणून व्हॉल्टेअरने ग्रंथनियंत्रणाचे प्रमुख मालझेर्ब यांच्याकडे तक्रारी केल्या. १७६० मध्ये नाटकातून त्याची यथेच्छ टवाळीही केली. त्याच टीकाकाराच्या हक्कासाठी प्राण द्यायला तो निघाला असता, असे म्हणवत नाही. फळ्यावरच्या वाक्यातला व्हॉल्टेअर खऱ्या व्हॉल्टेअरपेक्षा अधिक उदार आहे, आणि ते औदार्य त्याला हॉलबाईंनी दिले आहे.

शिक्षिकेच्या पत्रात शेवटी आणखी एक प्रश्न होता: आता फळ्यावरून वाक्य पुसायचे का? मुळीच नको. फक्त खालचे नाव बदलावे. ‘टॅलंटायर’सुद्धा नको. पुरुषी टोपणनावाआड एकदा आणि व्हॉल्टेअरच्या नावाआड पुन्हा एकदा, अशी ही बाई दोनदा झाकली गेली आहे. एव्हलिन बिएट्रिस हॉल, १९०६, असे पूर्ण लिहावे. मुलींना तर ते नाव जरूर वाचू द्यावे.

इसाप पुढच्या आठवड्यात.