खाजण शेती : भरतीच्या पातळीखाली पिकणारं भात

मांडवी आणि जुवारीच्या काठी अशी कितीतरी भातशेतं आहेत, की भरतीला नदीचं खारं पाणी त्यांच्या जमिनीपेक्षा वर चढलेलं असतं. मध्ये असतो तो फक्त एक बांध. गोव्यात या जमिनीला खाजण म्हणतात. तिचं क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर, आणि तिस्वाडी, बारदेश, साष्टी या तालुक्यांत ती विशेष पसरलेली आहे. बांदिवड्याला सापडलेल्या, कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात खाजण जमिनीच्या दानाचा आणि खारं पाणी अडवणाऱ्या बांधाचा उल्लेख येतो. म्हणजे ही शेती हजार वर्षांहून जुनी आहे.

बांध चिखलमातीचा, मातीत पेंढा घालून तो चोपतात आणि पाण्याचा मारा जास्त असेल तिथे जांभा दगड लावतात. बाहेरच्या अंगाला कांदळवन असतं, ते लाटांचा जोर मोडतं. पण सगळी करामत आहे ती मानशीत. मानस म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, तेव्हा आतलं पाणीच झडप ढकलून नदीत निघून जातं. याला ना इंजीन लागतं, ना वीज. रायगडच्या खारेपाटातही असे बांध आहेत, तिथे या दाराला उघाडी म्हणतात. मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. आत झिरपलेलं खारं पाणी आधी तिथे साठतं आणि शेत वाचतं.

जूनपासून पाऊस जमिनीतला क्षार धुऊन काढतो आणि पेरणी होते. इथलं खास भात कोरगुट, उंच वाढणारं, तांबड्या दाण्याचं. खारटपणा आणि काही दिवस साचलेलं पाणी ते सहन करतं. संकरित वाणांइतका उतारा ते देत नाही, हे खरं. पण ज्या जमिनीत ते वाण करपून जातात, तिथे कोरगुट उभं राहतं. समुद्राची पातळी वाढत असताना जगभरच्या किनाऱ्यांना हाच गुण हवा आहे. गोव्यातल्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून ‘गोवा धान’ नावाचे क्षारसहिष्णू वाण काढले आहेत.

भात कापल्यावर खारं पाणी बेताने आत घेतात. तण मरतं, धसकटं कुजतात आणि पाण्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंदर, कुर्ल्या येतात. रात्री ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरतात. या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जाई. बांधाची देखभाल गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामूहिक संस्था, सांभाळत असे. भात पिकवणाऱ्याला पाणी बाहेर हवं, मासे धरणाऱ्याला आत; दार कधी उघडायचं हे गावाने मिळून ठरवायचं, यावरच सगळा तोल उभा होता. मला खाजणाचं मोल बांधापेक्षा या ठरावात जास्त वाटतं.

तो ठराव आता सैल पडला आहे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादची पकड गेली आणि देखभाल कूळसंघांकडे आली. अनेक ठिकाणी ती नीट होत नाही. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध खचले. माशांच्या मोहाने मानस जास्त वेळ उघडी ठेवली जाते आणि शेत खारावतं. एकदा बांध फुटला की काही वर्षांतच शेतात कांदळवन उगवतं. त्याला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ती जमीन पुन्हा भाताखाली आणणं फार अवघड होऊन बसतं.

म्हणून खाजणाला सर्वांत आधी हवी आहे ती दरवर्षी पावसाआधी बांधाची डागडुजी आणि तिच्यासाठी हक्काचा निधी. सरकारने आणि गावांनी हे मनावर घ्यावं. गोव्याला जाल तेव्हा बाजारात कोरगुटचा तांदूळ मागा. मागणी राहिली, तर ते पेरणारा शेतकरीही राहील.