खेळाचे व्यसन : प्रवाद आणि वस्तुस्थिती

निपाणीच्या ज्या पंचक्रोशीने पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकवली, वखारींत साठवली आणि विड्यांत वळली, तेथील माणसास व्यसन म्हणजे एखादे द्रव्य देहात शिरणे एवढाच अर्थ ठाऊक असावा, हे स्वाभाविकच आहे. म्हणूनच ‘मोबाईलमधून अंगात काय जाते, की त्याला व्यसन म्हणावे?’ असा सवाल सीमाभागात पुष्कळ सुज्ञ माणसेही करतात. परंतु द्रव्यावाचूनही व्यसन जडते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मान्य केलेली आहे. जुगाराच्या अनिवार ओढीस अमेरिकन मानसोपचार संघाने 2013 साली व्यसनांच्या वर्गात दाखल केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या रोगसूचीचा अंमल 1 जानेवारी 2022 पासून सुरू झाला, तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला.

याच्या नेमका उलट प्रवादही तितकाच घातक आहे. सप्टेंबर 2019 मध्ये बेळगावजवळच्या काकती गावी एका तरुणाने जन्मदात्याची हत्या केली, पब्जी हा मोबाईलवरचा खेळ खेळण्यास वडिलांनी केलेला विरोध हे तिचे कारण म्हणून देशभर छापून आले, आणि त्या दिवसापासून मोबाईलवर खेळणारा प्रत्येक मुलगा आईबापांना संशयित भासू लागला. एका भीषण गुन्ह्यावरून हजारो मुलांचे निदान करणे हा सरळ अन्याय आहे. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच हा विकार जडतो, आणि त्याची कसोटी केवळ तासांची नाही : खेळावरचा ताबा सुटणे, अभ्यास, झोप, जेवण यांहून खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही तो चालूच राहणे, ही तिन्ही लक्षणे सर्वसाधारणपणे बारा महिन्यांची मुदत टिकलेली असावी लागतात. परीक्षा संपल्यावर चार दिवस मोबाईलला चिकटलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. ज्याची शाळा सुटली, मित्र तुटले आणि रात्र-दिवसाचा क्रम उलटला, त्याच्याकडे मात्र ‘वय आहे, जाईल नाद’ म्हणून डोळेझाक करणे परवडणारे नाही.

मुलाची इच्छाशक्तीच दुबळी, हा ठपकाही अर्धवट आहे. पब्जीसारख्या खेळाची रचनाच खिळवून ठेवणारी असते : शंभर खेळाडू बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, सुमारे अर्ध्या तासात एकच चमू उरतो, आणि हरलेल्यास पुढचा डाव लगेच मांडून मिळतो. त्यातच बक्षिसाच्या पेटीत काय निघेल याची अनिश्चितता असते, आणि अनिश्चित बक्षीस हे निश्चित बक्षिसाहून मनाला अधिक काळ खिळवते, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून विदित आहे.

राहिला बंदीचा उपाय. सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जीवर बंदीहुकूम काढला, आणि जुलै 2021 मध्ये जवळजवळ तोच खेळ नव्या नावाने परत आला. घरातही मोबाईल हिसकावल्याने बहुधा भांडणच वाढते. मुलगा खेळात कशापासून पळतो आहे, परीक्षेतील अपयशापासून, एकटेपणापासून की घरातील कलहापासून, हे शांतपणे विचारणे अधिक उपयोगी पडते. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून अशा व्यसनांसाठीच ‘शट क्लिनिक’ चालते, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून त्याहून पुष्कळ जवळ आहे, आणि प्रवास शक्य नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक अहोरात्र चालू असतो. पालकांनी प्रकरण हातघाईवर येण्याची वाट न पाहता तो फिरवावा.